बारावा गुडघा

"थांबा पानेकाका, झाकण उघडू नका! आधी मला बाहेर जाऊ दे," असं म्हणत चिमणीनं नाक दाबलं आणि ती व्हरांड्यात पळाली.

पानेकाका थांबले. वास त्यांना जिन्यातच लागला होता. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत माणसाचं शरीर चालतं कसं, वाकतं कसं, झिजतं कसं याचा अभ्यास चालायचा, आणि त्यासाठी देहदानातून आलेले गुडघे मागच्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये उणे वीस अंशांवर ठेवलेले असत. गोठलेल्या गुडघ्याला वास नसतो. सोमवारी सकाळी साडेनऊला जिन्यात वास येतो, याचा अर्थ एकच होता.

फ्रीजरवरचा हिरवा दिवा विझलेला होता. पानेकाकांनी मागे हात घालून चाचपलं. प्लग भिंतीतून उपसून जमिनीवर टाकलेला आणि त्याच्या जागी एक जाड पिवळी वायर खोचलेली. वायरीचा माग काढत ते मोठ्या खोलीत आले. तिथे पांढऱ्या छत्र्या लावलेले दोन दिवे उभे होते. गुरुवारी संध्याकाळी फोटोवाला आला होता, माहितीपत्रकासाठी विभागप्रमुख सरांचे फोटो काढायला. पानेकाका तोवर घरी गेले होते. मग जोडून तीन सुट्ट्या. भर उन्हाळा. वीज गेल्याची घंटा पानेकाकांनी स्वतः बसवली होती, बॅटरीवर चालणारी. ती सहा तास वाजली असणार रिकाम्या इमारतीत, मग तीही थकून गप्प झाली असणार. घंटेची तार खाली रखवालदाराच्या खोलीपर्यंत न्या, म्हणून त्यांनी तीन अर्ज केले होते. तिन्ही अर्जांवर सरांच्या वळणदार अक्षरात एकच शेरा होता, 'पुढील वर्षी बघू.'

खरं तर इथली यंत्रं सांभाळणाऱ्या पानेकाकांचं आडनाव पाने नव्हतं. पट्ट्याला कायम नटबोल्ट आवळायचे दोन-तीन पाने लटकवलेले असत, त्यावरून कुठल्या तरी जुन्या बॅचनं ते नाव पाडलं. नवी पोरं तेच आडनाव समजून प्रबंधाच्या शेवटी 'श्री. पाने यांचे आभार' असं छापत. सरसुद्धा त्यांना 'अहो पाने' म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांनी ते दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. इतर सगळं दुरुस्त करता करता हे एक राहिलं.

त्यांनी झाकण उघडलं. आत एकच पुडकं उरलं होतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांत गुंडाळलेला, दोन पिशव्यांत बांधलेला बारावा गुडघा. वरच्या चिठ्ठीवर पानेकाकांचंच अक्षर होतं. 'क्र. १२, पुरुष, वय ६१, उजवा.' पिशवी फुगली होती. खाली चार बोटं गढूळ पाणी साचलं होतं.

पानेकाकांना किळस आली नाही. लोकांना वाटायचं, या कामाची त्यांना किळस येत असेल. मेव्हणी तर भर लग्नात विचारायची, "भावजी, हात धुतलेत ना?" बायको सत्तावीस वर्षं दारातूनच त्यांना न्हाणीघरात पिटाळत होती. पण मेलेल्या माणसाच्या हाडामांसात किळस येण्यासारखं काय असतं, हे पानेकाकांना कधी कळलं नाही. ते बिचारं काही खोटं बोलत नाही. भार टाकला तर वाकतं, जास्त टाकला तर तुटतं. त्यांनी हातमोजे चढवले आणि कामाला लागले.

अर्ध्या तासानं सर आले. दारातच रुमाल नाकाला लावून उभे राहिले. रुमालाला अत्तराचा वास होता. दोन वास एकमेकांत मिसळले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पानेकाकांना मळमळलं.

"अरे बापरे!" सर रुमालाआडून हसले. "खाटीकखानाच उघडलात की हो पाने!"

व्हरांड्यातून दोन-तीन पोरं हसली. सर हसले की हसायचं असतं हे ती पहिल्याच वर्षात शिकत.

"सर, प्लग काढलेला होता," पानेकाका म्हणाले. "फोटोच्या दिव्यांसाठी."

सरांनी दिव्यांकडे पाहिलं, पिवळ्या वायरीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. पानेकाकांनी ते नीट पाहिलं. प्लग फोटोवाल्यानं काढला नव्हता.

"कुणी काढला ह्यात आता शिरायला नको," सर म्हणाले. "ते निघालं तर लांबवर जाईल. फ्रीजरच्या तापमानाच्या वहीत सही कुणाची असते?"

"माझी."

"झालं तर मग." सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्हाला निवृत्तीला किती राहिली, तीन वर्षं ना? कशाला उगाच शेवटी डाग लागू द्यायचा? चिमणे, इकडे ये."

बारीक आवाजामुळे चिमणी हे नाव पडलेली ती मुलगी सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होती. कृत्रिम गुडघ्याचा नवा सांधा बसवून तो भाराच्या किती फेऱ्या टिकतो, हा तिचा विषय. मंजूर आराखड्यात बारा गुडघे होते. अकरा झाले होते. बारावा म्हणजे आत्ता पानेकाकांच्या हातातली पिशवी. महिनाअखेरीला सर यावरचा निबंध मोठ्या परिषदेत वाचणार होते.

"अकरांची सरासरी काढ," सर तिला म्हणाले. "थोडं इकडं, थोडं तिकडं कर. बारावा आपोआप तयार होतो. निसर्गात तरी दुसरं काय असतं?"

चिमणीचे डोळे भरून आले होते, पण ते वासानंही असू शकत होतं.

"आणि पाने, नोंदवहीत एक ओळ टाका. चाचणी गेल्या बुधवारी झाली, अठरा हजार फेऱ्या पूर्ण, नमुना नियमाप्रमाणे नष्ट. भट्टीत तर तो जाणारच होता, नाही का?"

पानेकाकांनी ती ओळ लिहिली.

हे सांगितलंच पाहिजे, कारण ते स्वतःही पुढे कधी लपवत नसत. कुणी हात पिरगाळला नव्हता. त्यांनी हातमोजे काढले, हात साबणानं दोनदा धुतले, पुसले आणि स्वच्छ हातांनी खोटं लिहिलं. या वहीत त्यांनी सत्तावीस वर्षं भारमापकाचा काटा अर्ध्या घरानं चुकला तरी तसं लिहून ठेवलं होतं. तीच वही, तेच पेन, तीच सही.

मग पुडकं पेटीत घालून ते इस्पितळाच्या मागच्या भट्टीवर घेऊन गेले. परत येऊन फ्रीजर तीनदा धुतला. घरी गेले, आंघोळ केली, पानावर बसले आणि दुसऱ्या घासाला उठले.

"एवढा वास बसलाय का नाकात?" बायकोनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "तीन वर्षं राहिलीत. गप्प बसा. मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला?" मग भांडी घासताना मोरीतून म्हणाली, "पण तुम्ही लिहिलंत कशाला हो? तुम्हाला खोटं शोभत नाही. चेहऱ्यावर दिसतं."

चार महिने गेले. माहितीपत्रक छापून आलं. पहिल्याच पानावर पांढऱ्या कोटातले सर चाचणीच्या यंत्रावर हात ठेवून उभे होते. तो हात चुकीच्या जागी होता. यंत्र चालू असतं तर चार बोटं गेली असती. पानेकाकांना तो फोटो कुठेही दिसला की शिसारी यायची, आणि तो सगळीकडे होता, जिन्यात, ग्रंथालयात, अगदी उपाहारगृहातल्या हात धुवायच्या जागी. सरांचं अत्तर तर त्यांना आता व्हरांड्याच्या टोकाहून ओळखू यायचं. ते आलं की ते नळाखाली काहीतरी धुवायला घेत. आणि किळस सरांची जास्त की स्वतःची, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

एके दुपारी ते सरांच्या खोलीचं कुरकुरणारं दार तेल घालून ठीक करत होते, तेव्हा एक बाई आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, नीट विंचरलेल्या, हातात एक पाकीट. देहदान कार्यालयाचा शिपाई त्यांना सोडून गेला.

"मला पत्र आलं तुमचं," त्या म्हणाल्या. "आभाराचं. ह्यांच्या गुडघ्यावर अठरा हजार फेऱ्यांची चाचणी यशस्वी झाली, असं लिहिलंय. मला नुसतं बघायचं होतं. कुठं झाली ते."

पानेकाकांच्या हातून तेलाचा थेंब बिजागरीच्या बाहेर पडला.

सर उठून उभे राहिले. असं बोलणं सरांना छान जमायचं. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि पडद्यावर आलेख लावला. त्यात बारा रेघा होत्या. सरांनी त्यातल्या एका रेघेवर पेन टेकवलं. "ही तुमच्या मिस्टरांची. बघा, किती सरळ गेली आहे. सगळ्यांत उत्तम."

सरळ जाणारच होती. अकरांची सरासरी होती ती.

बाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत. बोटाची सावली पडद्यावर पडली होती. "सगळ्यांत उत्तम," त्या स्वतःशी म्हणाल्या. "ऐकायला हवं होतं त्यांनी."

पानेकाकांनी बिजागरीबाहेर सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं.

"पाने, बाईंना यंत्र दाखवून आणा," सर म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

यंत्रापाशी आल्यावर बाईंनी चष्मा लावला. पानेकाका सांगू लागले. हाड असं या पोलादी वाटीत बसवतात, भोवती पांढरं सिमेंट ओततात, ते घट्ट झालं की वरून भार. इथे मोजमाप. मध्ये मध्ये मिठाचं पाणी शिंपडायचं, सांधा कोरडा पडू द्यायचा नाही.

"पाणी कोण शिंपडतं?"

"मी."

"आणि सिमेंट वाकडं बसलं तर?"

पानेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा नेमका प्रश्न पाहुण्यांनी कधी विचारला नव्हता. "तर सगळे आकडे वाकडे येतात. फोडून परत बसवायचं."

"हे पण असंच म्हणायचे, बैठक चुकली की सगळं चुकलं. मैलापाण्याच्या पंपावर मेकॅनिक होते. पस्तीस वर्षं." बाई यंत्राच्या खांबावर हात टेकून बोलत होत्या. "पंप अडकला की गुडघे टेकून आत हात घालायचा. गुडघा गेला तो त्यातच. शेजारी ह्यांना बघून नाक धरायचे. जिन्यात हे दिसले की दारं लावायचे. हे हसायचे. म्हणायचे, घाण त्यांचीच आहे, मी नुसता वाट करून देतो."

पानेकाकांनी तिथलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"शेवटी शेवटी म्हणाले, मला जाळूबिळू नका, मला तिकडं द्या. पांढऱ्या कोटातली माणसं असतात. स्वच्छ खोली असते. जन्म घाणीत काढला, मेल्यावर तरी जरा चांगल्या ठिकाणी जाऊ. आणि ह्या गुडघ्याचं काय ते बघतील, पुढच्या पोराला उपयोग होईल." बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणून बघायला आले. खरंच स्वच्छ आहे हो तुमची खोली."

पानेकाकांनी पट्ट्यातला पाना काढला, परत अडकवला. मग म्हणाले, "बसा, ताई."

"नको, निघते आता. तुमचा वेळ..."

"बसा. मला सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. प्लग, दिवे, चार दिवस, वही. आवाज खाली न करता सांगितलं. दारात चिमणी येऊन उभी राहिली होती, तिनं ऐकलं, ते त्यांना दिसलं, तरी ते थांबले नाहीत. ती रेघ खोटी आहे, असं ते शेवटी म्हणाले. आणि खाली सही माझी आहे.

बाईंचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी विचारलं, "वास आला होता?"

पानेकाकांना खोटं बोलावंसं वाटलं, फार वाटलं. "हो."

"खूप?"

"हो, ताई. जिन्यापर्यंत."

"लोकांनी नाकं धरली असतील."

"हो."

"आणि साफ कुणी केलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"हो."

"तुम्ही नाक बांधलं होतं?"

"नाही," पानेकाका म्हणाले. "मला सवय आहे."

बाईंनी मान हलवली. त्या रडतील असं वाटत होतं, पण त्या रडल्या नाहीत. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि आवाज खरखरीत झाला होता. "झालं ते झालं, भाऊ. सडणं काही त्यांना नवं नव्हतं. पण न केलेलं काम त्यांच्या नावावर नको. पस्तीस वर्षांत न उघडलेल्या पंपावर त्यांनी कधी सही केली नाही. साहेब ओरडायचे, तरी नाही. ती रेघ पुसा."

"पुसता येत नाही," पानेकाका म्हणाले. "पण खोडता येते."

त्यांनी कपाटातून नोंदवही आणली. चुकीची नोंद खोडायची रीत ठरलेली असते. पट्टी लावून एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. त्यांनी तशी ती मारली. बाजूला आजची तारीख घातली. आणि कारण लिहिलं, 'फ्रीजरचा प्लग काढल्याने नमुना कुजला. चाचणी झाली नाही. ही नोंद मी विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून खोटी केली होती.' खाली सही केली. आडनावासकट, खऱ्या.

बाईंनी ते वाचलं. मग वही उलटी फिरवून परत त्यांच्यापुढे सरकवली आणि उठल्या. सरांच्या खोलीवरून जाताना त्या थांबल्या, आत गेल्या नाहीत, पण सरांनी मान वर करेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. सर हसून म्हणाले, "पाहिलंत सगळं?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या खोलीत वास येतोय."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सर आधी ओरडले, मग समजावू लागले, मग पुन्हा ओरडले. "एका अडाणी बाईसाठी तुम्ही विभागाची अब्रू घालवलीत!" त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी जमली होती. पानेकाका तिच्याकडेच बघत राहिले. इतकी वर्षं आपण या माणसाला पाहून उठून उभं राहत होतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

चौकशी समिती बसली. चिमणी समितीपुढे गेली आणि बारीक आवाजात, पण खरं ते बोलली. तिचं एक वर्ष गेलं. मार्गदर्शक बदलून घ्यावा लागला. समितीच्या अहवालात 'तांत्रिक कर्मचाऱ्याकडून नोंद ठेवण्यात गंभीर कुचराई' असं ठरलं आणि सरांना 'अधिक दक्षता घेण्याची सूचना' मिळाली. निबंध पुढे छापून आला, त्यात बाराच्या जागी अकरा लिहिले होते. सर पुढल्या वर्षी अधिष्ठाता झाले. जिन्यातला फोटो बदलला, मोठा लावला.

पानेकाकांची बदली मोडक्या फर्निचरच्या गोदामात झाली. दिवसभर डुगडुगणारी बाकं, निखळलेल्या खुर्च्या. बायको आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं पोळी वाढली आणि म्हणाली, "आता दोन पोळ्या जातात तुम्हाला. मधे एक जात नव्हती." एवढंच.

एका रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. नंबर चिमणीनं दिला होता.

"भाऊ, तुम्ही त्यांना शेवटी कुठं नेलंत, ती जागा दाखवाल का?"

भट्टी इस्पितळाच्या मागे होती, एका भिंतीआड. वीटकामाची खोली, काळं धुराडं, पुढे लोखंडी फाटक. भट्टीवाला बाकावर बसून डबा खात होता. पानेकाकांना ओळखून तो हसला, पण मागे बाई दिसल्या तसा त्यानं डबा झाकला, हात धुतले आणि उभा राहिला. काय काम आहे हे त्यानं विचारलं नाही. अशी माणसं तिथे अधूनमधून येत असावीत.

"इथं?" बाईंनी विचारलं.

"त्या डावीकडच्या दारातून," पानेकाका म्हणाले. "पूर्ण होईपर्यंत मी थांबलो होतो. दीड तास."

"किती तापते?"

"साडेआठशे अंश," भट्टीवाला म्हणाला. "काही राहत नाही, बाई. एकदम साफ."

बाईंनी मान हलवली. मग त्याला विचारलं, "तुम्हाला वास नाही येत?"

"पहिलं वर्षभर यायचा. आता मला नाही येत. घरी गेलो की बायकोला येतो."

बाई हसल्या. एकदम, मोठ्यानं, पदर तोंडाशी न नेता. "ह्यांचं अगदी असंच होतं," त्या म्हणाल्या.

भट्टीवाल्यानं बाक बाहीनं पुसून दिलं. त्या बसल्या. थोड्या वेळानं इस्पितळाच्या बाजूनं पिवळ्या पिशव्यांचा हातगाडा येताना दिसला. तो ढकलणारा बाप्या एकटा होता आणि चढावर गाडा अडत होता. पानेकाका पुढे झाले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला.

"बाई, जरा बाजूला व्हा हं," भट्टीवाला म्हणाला. "घाण असते त्यात."

बाई उठल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. लोखंडी फाटक वाऱ्यानं सारखं मिटत होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि गाडा आत जाईपर्यंत उघडं ठेवलं.